जिवावर बेतलं तर काय करायचं: स्वसंरक्षणाचा हक्क कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो

"वकीलसाहेब, रात्री घरात कोणी शिरलं आणि माझ्या हातून तो मेला तर मला जन्मठेप लागणार का?"

हा प्रश्न लोक मला वीसेक वर्षं विचारतायत, कोर्टाच्या आवारात टपरीवर, लग्नात पंगतीला शेजारी बसून, आणि थंडीत वस्त्यांवर चोऱ्या वाढल्या की फोनवर तर रोजच. मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं बघतो, सेशनला जिल्ह्याला जातो. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन वेळ मारून नेली जाते म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण अर्धवट माहितीवर वागून आयुष्याची माती झालेली माणसं मी पाहिलीत. त्यातली बरीचशी तुमच्याआमच्यासारखीच साधी होती, कुणाच्या अंगावर आधी एनसीसुद्धा, म्हणजे साधी अदखलपात्र तक्रारही नव्हती.

या प्रश्नाच्या आत आणखी एक प्रश्न असतो जो कोणी तोंडानं विचारत नाही, की माझ्या हातून होईल का. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

हातून होईल का

खरं सांगायचं तर आधी कोणालाच माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल नावाच्या अमेरिकी लष्करी इतिहासकारानं असं मांडलं होतं की प्रत्यक्ष लढाईत शंभरातले जेमतेम पंधरा ते पंचवीस सैनिकच शत्रूवर गोळी चालवायचे, बाकीचे चालवायचेच नाहीत. पुढं इतर अभ्यासकांनी त्याच्या आकड्यांवर मोठ्या शंका घेतल्या, त्यामुळं ते आकडे छातीठोकपणे सांगत फिरू नका, पण एवढी गोष्ट कुठलाही जुना फौजी किंवा पोलीसवाला तुम्हाला सांगेल की समोरच्या जिवंत माणसावर हात उचलणं हे पिक्चरमध्ये दिसतं तेवढं सोपं नाही, ट्रेनिंग घेतलेल्यालाही नाही.

आणि याच्या उलटही तितकंच खरं आहे. साधी माणसं मारतात. घाबरलेला माणूस मारतो, पोराच्या अंगावर कोणी आलं तर आई मारते, आणि जमाव झाला की ज्यानं आयुष्यात कोंबडीसुद्धा कापलेली नाही तोही मारतो. माझ्या पक्षकारांपैकी एकानंही आदल्या दिवशी "माझ्या हातून असं होईल" असं म्हटलं नसतं.

त्या वेळी शरीर काय करतं ते आधीच माहीत असू द्या, कारण नंतर लोक स्वतःलाच दोष देत बसतात. छाती धडधडते, हात कापतात, नजर एकाच जागी चिकटते म्हणजे समोरच्याच्या हातातला कोयता दिसतो पण त्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येईनासे होतात, बोटांनी बारीक काम होत नाही, साधा फोनचा लॉक उघडत नाही. काही जणांचं अंग चक्क दगड होतं, ओरडायचं असतं पण घशातून आवाज निघत नाही. हा भित्रेपणा नाही, शरीराची ती एक जुनी रीत आहे. नंतर आठवणही तुकड्या तुकड्यांत राहते, किती वार झाले, आधी काय झालं नंतर काय झालं, सगळं मागंपुढं. हे लक्षात ठेवा, पुढं जबाबाच्या वेळी याचं काम पडणार आहे.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या लोकांच्या तोंडात स्वसंरक्षणाची कलमं अजून ९६ ते १०६ आहेत, ती आता ३४ ते ४४ झालीत, मजकूर जवळपास तोच. पहिलंच कलम स्पष्ट सांगतं की स्वसंरक्षणाचा हक्क वापरून केलेली गोष्ट गुन्हाच नाही. म्हणजे "गुन्हा केला पण माफ" असं नाही, मुळात गुन्हाच नाही. आणि हा हक्क फक्त स्वतःच्या अंगापुरता नाही, दुसऱ्या कुणाचंही शरीर वाचवायला तो वापरता येतो, ती व्यक्ती तुमच्या नात्यातली असायची गरज नाही, रस्त्यावरची अनोळखी बाई असली तरी चालतं.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी पोचतो ते कलम ३८ मध्ये आहे. तुम्ही हात उचलला नाही तर मरण येईल अशी वाजवी भीती असेल, किंवा जबर दुखापतीची, बलात्काराचा हल्ला असेल, अनैसर्गिक अत्याचाराचा असेल, पळवून न्यायचा प्रयत्न असेल, पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशा भीतीत कुणी कोंडून ठेवत असेल, किंवा ॲसिड फेकलं जात असेल वा फेकायचा प्रयत्न असेल. ॲसिडचं २०१३ साली घातलं. जबर दुखापत म्हणजे नुसती चापट किंवा खरचटणं नाही, हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, चेहरा विद्रूप होणं, जीव धोक्यात येणं असल्या गोष्टी.

मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी घर फोडून शिरणं, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं, यात गरज पडली तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत हक्क पोचतो. साध्या चोरीत पोचत नाही, जोपर्यंत त्या चोरीच्या परिस्थितीतच मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल. आमच्याकडं सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. विहिरीवरची केबल चोरणारा, शेळी उचलणारा, मोटरसायकल ढकलत नेणारा हा चोर आहे, त्याला अडवायचा, पकडायचा, वस्तू परत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, त्याचा जीव घ्यायचा नाही.

आणि या सगळ्यावर झाकण म्हणून कलम ३७ बसलंय, ते न वाचता ३८ आणि ४१ वाचणाऱ्यांचाच घात होतो. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हा हक्क नाही.

आता "वाजवी भीती" म्हणजे कुणाची? न्यायाधीश दोन वर्षांनी पंख्याखाली बसून ठरवणार, तर त्या अंधारातल्या भीतीचं माप कसं काढणार? यासाठी एक जुना निकाल सांगतो, आणि तो आपल्या जवळचा आहे कारण कटनी तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होतं त्याचं हायकोर्ट नागपूरला होतं. १९५० साली कटनीत दंगल पेटली. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या इमारतीचा दुसरा भाग जमावानं फोडून लुटला, बायकापोरं जीव मुठीत धरून त्याच्याकडं पळत आली, आणि जमाव त्याच्या स्वतःच्या दारावर लाठ्या मारायला लागला. त्यानं बंदूक चालवली, एक माणूस मेला, काही जखमी झाले. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली, १९५२ साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस आधी नागपूर हायकोर्टाचेच मुख्य न्यायाधीश होते. दार मोडून आत घुसेपर्यंत त्यानं थांबायला हवं होतं हे म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही, आणि असल्या गोष्टी सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाहीत ही भूमिका घेतली, जी कोर्टं आजही धरून चालतात.

दुसरा निकाल दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१०. शेताच्या वादातून १९९१ साली झालेला मृत्यू, ट्रायल कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. त्यात दहा मुद्दे नीट मांडलेत, आमच्यासारख्या वकिलांच्या फायलीत त्याची झेरॉक्स कायम असते. हल्ला झालाच पाहिजे असं नाही, वाजवी भीती पुरे. पळून जायचा मार्ग असताना पळालाच पाहिजे अशी सक्ती नाही. आणि जीव धोक्यात असलेल्या माणसानं पायरी पायरीनं मोजून मापून प्रतिकार करावा अशी अपेक्षा करता येत नाही. पण घटना १९९१ ची आणि निकाल २०१० चा, १९ वर्षं. हक्क आहे म्हणजे त्रास नाही असं अजिबात समजू नका.

हक्क संपतो कधी, हे पाठ करून ठेवा

अख्ख्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. धोका आहे तोवर हक्क आहे, धोका गेला की त्याच क्षणी हक्क गेला.

एका पक्षकाराची गोष्ट सांगतो, नावगाव सोडून. दोघं भाऊ, रात्रीची लाईट असल्यामुळं उसाला पाणी द्यायला गेलेले. केबल कापणारे तिघं दिसले. आरडाओरडा केला, त्यातल्या एकानं कटर उगारला, मोठ्या भावानं हातातल्या दांडक्यानं त्याच्या हातावर मारलं, कटर पडला. इथपर्यंत दोघांचं काहीही चुकलं नव्हतं, कुठल्याही कोर्टात मी हे छाती काढून सांगितलं असतं. मग ते तिघं पळाले. भाऊ मागं पळाले. दोनेकशे फुटांवर ओढ्यात एक जण घसरून पडला आणि पडलेल्याला दोघांनी मारलं, कितीतरी वेळ मारलं, कारण त्याआधी तीनदा केबल गेली होती आणि तो सगळा राग त्या एका पडलेल्या माणसावर निघाला. तो दवाखान्यात पोचायच्या आत गेला. पोस्टमॉर्टेममध्ये डोक्याला मागून जखमा आल्या. मागून. त्या एका शब्दानं केस गेली. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरायला लावला एवढंच माझ्या हातून झालं, मोठ्या भावाला सात वर्षं लागली, धाकट्याला पाच. त्यांच्या घरी मी अजून जातो, म्हातारी दरवेळी विचारते की चोर आमच्या शेतात आला होता ना, मग आमचीच पोरं आत कशी, आणि तिला सांगताना मला आजही जड जातं.

म्हणून पाठ दिसली की थांबायचं. शस्त्र हातातून पडलं आणि तो मागं सरकला की थांबायचं. तो खाली पडला आणि उठत नाही, थांबायचं. पाठलाग करायचाच असेल तर ओरडत, शेजाऱ्यांना जागं करत, पकडण्यासाठी करा, मारण्यासाठी नाही.

कायद्यात मधली एक पायरीही आहे. भलत्या हेतूनं नाही, पूर्वतयारीनं नाही, पण चांगल्या हेतूनं बचाव करताना हक्काच्या पुढं गेलात, तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवध धरतात. संहितेच्या कलम १०१ चा दुसरा अपवाद. शिक्षा तरी होतेच, फक्त कमी.

आणि कुंपणाला करंट सोडणाऱ्यांनो, कळकळीनं सांगतो, ते काढा. डुकरांसाठी लावतो म्हणता, त्यात शेजारच्याचं पोरगं जातं, पहाटे पाणी बघायला निघालेला सालगडी जातो. तारेला चोर कोण आणि पोरगं कोण हे कळत नाही. ते स्वसंरक्षण नाही, गुन्हा दाखल होतोच आणि व्हायलाच पाहिजे.

आधी करायची कामं

मारामारीची वेळच येऊ नये याची तयारी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून कोणी करत नाही. वस्तीवर राहत असाल तर बाहेरचा दिवा आणि त्याचं बटण आत, दाराला आतून आडणा, एक भुंकणारा कुत्रा, आणि शेजारच्या चार वस्त्यांचा एक ग्रुप ज्यात रात्री नुसता मिस कॉल आला तरी सगळ्यांनी उठायचं असं ठरलेलं असावं. घरात एक खोली ठरवून ठेवा जिचं दार मजबूत आहे, बायकापोरांनी तिथं जायचं आणि आतून कडी लावायची, हे पोरांना एकदा करून दाखवा.

फोनमध्ये इमर्जन्सीची सोय बघून ठेवा. आपल्याकडच्या फोनमध्ये पॅनिक बटण द्यायचा नियम आहे, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण पटापट दाबायचं, किती वेळा ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, सेटिंगमध्ये आत्ताच बघा. मघाशी सांगितलं ना बोटं चालत नाहीत, म्हणून. नंबर ११२.

हत्याराबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घरात मुद्दाम हत्यार आणून ठेवू नका. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं, घरकामाची आणि शेतीची सोडून, शस्त्र नियमांत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात अधूनमधून बंदी आदेश असतात, त्या काळात नुसती काठी घेऊन फिरणंही अडचणीचं होतं. तलवार वाढदिवसाच्या केकला लागते म्हणून आणलेली असते आणि घटनेनंतर सरकारी वकील तीच दाखवून विचारतो की ही आधीच का आणून ठेवली होती. पेपर स्प्रेला, म्हणजे तिखट फवाऱ्याला, परवाना लागत नाही, मुलींनी पर्समध्ये जरूर ठेवावा, पण वरच्या वर ठेवावा आणि भांडणात राग आला म्हणून मारायचा नाही, धोका नसताना मारला तर तुमच्यावरच केस होते. विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाही.

आणि जर तुम्हाला कोणी सतत धमकावत असेल, बांधावरून, उधारीवरून, मुलीच्या मागं लागून, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं एसपी साहेबांना पाठवा. याचा दुहेरी उपयोग आहे, कधी कधी धमक्या थांबतात, आणि नाही थांबल्या तर उद्या कोर्टात "भीती खरी होती" याचा तोच पहिला पुरावा असतो.

त्या क्षणी

पळता येत असेल तर पळा. कायदा पळायची सक्ती करत नाही हे मीच वर सांगितलं, तरी सांगतो पळा, कारण पळून घरी पोचलेल्या माणसाला १९ वर्षं तारखा कराव्या लागत नाहीत. सोनं मागतोय, द्या. फोन मागतोय, द्या.

ओरडा, आणि अर्थ असलेलं ओरडा. नुसतं किंचाळण्यापेक्षा "मागं हो", "सोड तिला", "हात लावू नको" असं ओरडलं तर तीन गोष्टी होतात, समोरचा बिचकतो, शेजारी उठतात, आणि उद्या साक्षीदार सांगतात की हा माणूस "मागं हो" म्हणत होता. "जिवंत सोडत नाही तुला" असं ओरडलात तर साक्षीदार तेही सांगतात.

अडकलात, मार्ग उरला नाही, पोराच्या गळ्याला सुरी आहे, तर मग अर्धंमुर्धं करू नका, जे हातात येईल त्यानं पूर्ण ताकदीनं करा, कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१२ साली मदुराईत एका बाईनं, नवरा स्वतःच्याच मुलीवर अत्याचार करायला गेला तेव्हा घरातल्या क्रिकेटच्या बॅटनं त्याला मारलं आणि तो मेला. तिथले एसपी असरा गर्ग यांनी तेव्हाचं कलम १००, म्हणजे आजचं ३८, लावून तिला सोडून दिलं. पोलिसांनी स्वतःहून तो हक्क ओळखावा असं क्वचित होतं, बहुतेक वेळा तो कोर्टातच सिद्ध करावा लागतो, पण ती आई चुकली नव्हती आणि तिच्या जागी असणारी कुठलीही आई चुकणार नाही.

दुसऱ्याला वाचवताना, आणि जमावात

इथं जरा थांबून बोलायचंय. दुसऱ्याला वाचवायचा हक्क मोठा आहे, पण आपल्या राज्यात याच भावनेच्या नावाखाली सगळ्यात भयंकर गोष्टी घडल्यात.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी मारून टाकलं. पाच जण, पोट भरायला गावोगाव फिरणारे. मारणारे सराईत गुंड नव्हते, त्यातल्या कित्येकांना आपण पोरांना वाचवतोय असंच वाटत असणार. मग १६ एप्रिल २०२०, पालघरचं गडचिंचले, लॉकडाऊन, परत अफवा, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर.

साध्या माणसाच्या हातून होतं का याचं उत्तर राईनपाड्यात आहे, आणि ते उत्तर वाचून मला झोप लागली नव्हती.

म्हणून कुठंही गर्दी दिसली आणि कोणाला तरी मारतायत, तर हात उचलायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा, मी माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं? या माणसानं आत्ता, माझ्यासमोर, कुणावर वार केला का? मेसेज आला, कोणी तरी म्हणालं, संशय येतोय, ही वाजवी भीती नाही. पकडला असेल तर कायदा साध्या माणसालाही अटकेचा अधिकार देतो, म्हणजे कुणी तुमच्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा केला तर पकडून ठेवता येतं, पण जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणं विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडं द्यावं लागतं. बांधून ठेवून मारायचा अधिकार कुणालाच नाही. आणि तुम्ही गर्दीत नुसते उभे असाल तर ११२ ला फोन करा, तुमच्या एका फोनवर कुणाचा तरी बाप घरी परत जाईल.

नागपूरचं अक्कू यादव प्रकरण लोक नेहमी पुढं करतात. १३ ऑगस्ट २००४, वस्तीवर दहशत ठेवणाऱ्या या गुंडाला कस्तुरबानगरातल्या बायांच्या जमावानं थेट कोर्टात मारलं. वर्षानुवर्षं त्या वस्तीनं काय भोगलं, किती तक्रारी वाया गेल्या हे त्या बायांनीच जगाला सांगितलं, आणि त्यांचा राग मला आतून समजतो. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पण लक्षात घ्या, ते स्वसंरक्षण म्हणून सुटले नाहीत. तो पोलिसांच्या ताब्यात होता, त्या मिनिटाला तो कुणावर हल्ला करत नव्हता. त्या बायांवर ती वेळ आणणारी व्यवस्था दोषी होती असं मी म्हणेन, तरी कुणाला सल्ला म्हणून हे उदाहरण कधीच देणार नाही.

पुढचा एक तास

समोरचा पडलाय. पहिलं काम, स्वतः सुरक्षित जागी व्हा. दुसरं, ११२ आणि १०८. तो चोर असो, बलात्कारी असो, ॲम्ब्युलन्स बोलवा. माणुसकी म्हणून तर बोलवाच, पण तुमचा हेतू मारायचा नव्हता, वाचायचा होता, हे तुमच्या त्या एका फोनवरून दिसतं.

फोनवर थोडकं आणि खरं बोला. "आमच्यावर हल्ला झाला, मी बचाव केला, माणूस जखमी आहे, पत्ता हा, ॲम्ब्युलन्स पाठवा." बस. हा कॉल रेकॉर्ड होतो. यात रागाचा एकही शब्द नको.

जागेला हात लावू नका. माझ्या एका केसमध्ये पोलीस यायच्या आत आरोपीच्या आईनं अंगण शेणानं सारवून घेतलं होतं, दारात रक्त कसं ठेवायचं म्हणून, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पुरावा नष्ट केल्याचं कलम वाढलं, आणि वाईट म्हणजे जे रक्त हल्लेखोर उंबऱ्याच्या आत होता हे दाखवणार होतं तेच गेलं. तुटलेली कडी, सांडलेला हंडा, त्याचं हत्यार, तुमचे फाटलेले कपडे, सगळं जसंच्या तसं. अंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. सीसीटीव्ही असेल तर त्याचं रेकॉर्डिंग होतं तो डबा, डीव्हीआर, बंद करू नका.

तुमच्या अंगावरची प्रत्येक जखम डॉक्टरकडून नोंदवून घ्या, कितीही बारीक असली तरी, सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही तर त्यांची केस कमकुवत होते, हे सुप्रीम कोर्टानं १९७६ च्या लक्ष्मी सिंग खटल्यात सांगून ठेवलंय. लोक लाजेनं "मला काही नाही झालं" म्हणतात आणि आपला सगळ्यात मोठा पुरावा घालवतात. बाईवर लैंगिक हल्ला झाला असेल तर तपासणी त्याच दिवशी, आणि उपचार सरकारी काय खासगी काय, फुकट द्यावे लागतात.

नातेवाइकांच्या सल्ल्यानं "मी तिथं नव्हतोच" असं सांगायला जाऊ नका. हा सल्ला देणारा प्रत्येक गावात एक तरी असतो. स्वसंरक्षण म्हणायचं तर "मी होतो, मी केलं, या कारणासाठी केलं" असंच उभं राहावं लागतं, आणि एकदा खोटं बोललात की पुढचं खरंही कोणी मानत नाही.

अटक, जबाब, कोर्ट

अटक होण्याची शक्यता मोठी आहे, तयार राहा. याचा अर्थ तुम्ही दोषी आहात असा नाही. अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, लेखी मागा. घरच्या एका माणसाला कळवलं पाहिजे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायला पाहिजे. चौकशीच्या दरम्यान आपल्या वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असं नाही, पण भेटता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००, तालुक्याच्या कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं.

स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही, राज्यघटनेचं कलम २०. पोलिसापुढं दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध शाबित करता येत नाही, तरी वकील येईपर्यंत सविस्तर जबाबाची घाई नको, कारण आठवण तुकड्यांत असते आणि भीतीत माणूस रिकाम्या जागा मनानं भरतो. जे आठवत नाही ते "आठवत नाही" असंच सांगा. पोलिसांशी हुज्जत घालायची नाही, खोटंही बोलायचं नाही. मॅजिस्ट्रेटपुढं पहिल्यांदा उभं केल्यावर "काही तक्रार आहे का" असं विचारतात, तेव्हा मार बसला असेल, अंगावर जखमा असतील तर तिथंच बोला, नंतर नाही.

समोरच्या बाजूविरुद्ध तुमची फिर्यादही त्याच वेळी गेली पाहिजे. घरफोडीची, हल्ल्याची, जे झालं त्याची. घरातल्या दुसऱ्या माणसानं दिली तरी चालते. उशीर झाला की ती "नंतर सुचलेली" ठरते, ठाण्यात घेतली नाही तर कोर्टातून करता येते.

कोर्टात स्वसंरक्षण दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकार पक्षाला जसं संशयातीत शाबित करावं लागतं तसं तुम्हाला नाही, तुमचं म्हणणं जास्त शक्य वाटतं एवढं पुरे. बऱ्याचदा ते सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतूनच निघतं. तोंडानं हा बचाव घेतला नसला तरी रेकॉर्डवरच्या पुराव्यातून दिसत असेल तर कोर्ट तो विचारात घेऊ शकतं. मात्र भांडण तुम्हीच उकरून काढलं असेल, किंवा दोन्ही बाजू काठ्या घेऊन ठरवून भिडल्या असतील, तर हा हक्क सांगता येत नाही. भावकीतल्या बांधाच्या भांडणात निम्म्या वेळा हेच असतं.

घरी आल्यावर

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. जामीन होतो, केस सुटते, तरी माणूस परत येत नाही लवकर. रात्री तोच आवाज, तोच चेहरा. हक्कानं मारलं असलं तरी हात बघवत नाहीत. एक पक्षकार, अगदी निर्दोष सुटलेला, दोन वर्षं मागच्या दारानं जायचा कारण पुढच्या उंबऱ्यावर ते घडलं होतं. गावात काही जण वाघ म्हणतात, काही जण खुनी म्हणतात, दोन्ही ऐकून तो आतून सारखाच तुटतो. त्याला सारखं "काय झालं, सांग ना" विचारू नका, आणि शूरवीर म्हणून हारही घालू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं. घरातल्या पोरांनी ते पाहिलं असेल तर त्यांना आधी न्या, पोरं बोलत नाहीत, अंथरूण ओलं करतात, शाळेत गप्प होतात.

११२, १०८, १५१००, १४४१६. चारही नंबर आज एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा दाराच्या मागं चिकटवा, खाली शेजारच्या दोन वस्त्यांचे नंबर लिहा, आणि म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.